पडद्यावरचा सल्ला आणि सड्यावरचे कलम

कोकणातला बागायतदार दूरचित्रवाणीवरचा शेतीचा कार्यक्रम मन लावून पाहतो, त्यातल्या शास्त्रज्ञाबद्दल आदराने बोलतो, आणि दुसऱ्या दिवशी औषध आणायला गेला की दुकानदारालाच विचारतो, यंदा तुडतुड्याला काय मारायचे? या दोन वागण्यांत पुष्कळांना विसंगती दिसते. कोणी तिला शेतकऱ्याचे अज्ञान म्हणतो, कोणी आळस म्हणतो, कोणी जुन्या वळणाचा हट्ट म्हणतो. देवगड तालुक्यातल्या सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, एका गावात, आंबा-काजूच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरात माझी निम्म्याहून अधिक हयात गेली आहे, आणि हे सगळे जवळून पाहत आल्यावर माझे मत असे झाले आहे की यात विसंगती मुळीच नाही. आपल्याला माहीत असावे असे काय, आणि आपल्या झाडावर करून पाहावे असे काय, यांत शेतकरी स्पष्ट फरक करतो. पहिल्यासाठी त्याला पडदा चालतो. दुसऱ्यासाठी त्याला असा माणूस लागतो की जो चुकला तर पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा भेटेल.

या समजुतीला आकड्यांचाही आधार आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 59व्या फेरीत, 2003 साली, देशभरातल्या शेतकरी कुटुंबांना विचारले गेले होते की शेतीच्या नव्या तंत्राची माहिती तुम्हाला कोठून मिळते. निदान एका तरी मार्गाने अशी माहिती मिळवणारी कुटुंबे होती अवघी 40 टक्के. त्यांत सर्वांत वर होते इतर प्रगतिशील शेतकरी, 16.7 टक्के, त्याखाली खते-औषधे विकणारे दुकानदार, 13.1 टक्के, मग आकाशवाणी, 13 टक्के, आणि दूरचित्रवाणी 9.3 टक्क्यांवर. सरकारी कृषी विस्तार कर्मचारी तर 5.7 टक्क्यांवरच थांबले होते. हे आकडे जुने आहेत, आणि त्यानंतर घरोघरी टीव्ही आले, हातोहाती मोबाइल आले. तरीही पहिल्या दोन जागा कोणाच्या होत्या ते पाहावे: शेजारी आणि दुकानदार. दोघेही हाकेच्या अंतरावरचे.

यावरून दूरचित्रवाणीचे काम वाया गेले असा अर्थ कोणी काढू नये. दिल्लीहून ‘कृषी दर्शन’ 26 जानेवारी 1967 रोजी सुरू झाले ते आसपासच्या काही गावांत सामुदायिक संच बसवून. मुंबईचे केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, आणि त्यावरच्या ‘आमची माती आमची माणसं’ने मराठी शेतकऱ्याला संध्याकाळची एक सवय लावली. त्याच वर्षी, 18 मे 1972 रोजी, दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले होते. पुढे आंब्या-काजूवर, नारळ-सुपारीवर पडद्यावर जे बोलत ते बहुधा दापोलीचे, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचे किंवा भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ असत. ही माणसे आमच्याकडच्या लोकांना परकी वाटत नसत. वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या काजूच्या जाती गावोगाव लागल्या, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेल्या ‘रत्ना’ आंब्याची चर्चा झाली, फळमाशीसाठी ‘रक्षक सापळा’ आला, आंबा देठासकट उतरवण्यासाठी ‘नूतन झेला’ आला. यांतले पुष्कळसे लोकांनी आधी पडद्यावर पाहिले आणि मग कोणाच्या तरी बागेत जाऊन हाताळले.

तेव्हा पडद्यावर काही दिसणे हीच मोठी गोष्ट होती, हेही विसरू नये. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या या उतरंडीच्या मुलखात खाडीकाठच्या वाडीपर्यंत प्रक्षेपण नीट येत नसे. अँटेना उंच बांबूला बांधून पोर कौलांवर चढे आणि खालून माणसे ओरडून सांगत, अजून डावीकडे. मुंग्यांतून एकदा चित्र स्थिर झाले की जे दिसेल ते गोड मानून घ्यायचे. पावसाळ्यात, म्हणजे भातशेतीची माहिती जेव्हा खरोखर हवी असे तेव्हाच, वीज दिवस दिवस जायची. त्या काळात आमच्याकडे रत्नागिरी आकाशवाणीवर लोकांचा जीव अधिक होता, कारण रेडिओ बॅटरीवर चाले आणि लावणीच्या वेळी बांधावर ठेवता येई. माझ्या मते शेतीच्या माहितीचे माध्यम म्हणून रेडिओला कोकणात मिळालेले प्रेम टीव्हीला कधीच मिळाले नाही.

टीव्हीचे खरे बळ जिथे दिसते तिथे मात्र त्याला तोड नाही, आणि ते बळ आहे कृती दाखवण्यात. हापूसला दरवर्षी सारखा मोहोर येत नाही, एक वर्ष भरघोस आणि दुसरे वर्ष रिकामे अशी त्याची खोड आहे. त्यावर पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे लोक ज्याला सर्रास ‘कल्टार’ म्हणतात ते, 15 जुलै ते 15 ऑगस्ट या काळात घालायची विद्यापीठाची शिफारस आहे. मात्रा झाडाच्या वयावर किंवा बुंध्याच्या जाडीवर ठरत नाही, विस्तारावर ठरते: विस्ताराच्या व्यासाच्या प्रत्येक मीटरला 3 मिली. हे वाक्य पत्रकात वाचून कोणाला फारसे कळत नाही. पण पडद्यावर एक माणूस भर पावसाळ्यात झाडाखाली टेप घेऊन उभा राहतो, पूर्व-पश्चिम फांद्यांच्या टोकाटोकांचे अंतर मोजतो, मग दक्षिण-उत्तर मोजतो, दोहोंची सरासरी काढतो, त्या मापाने औषध पाण्यात मिसळतो, आणि बुंध्यापासून विस्ताराच्या निम्म्या अंतरावर पहारीने वीतभरापेक्षा कमी खोलीचे पंचवीस-तीस खड्डे गोलाकार पाडून त्यांत ते सारखे ओततो, हे एकदा पाहिले की माणूस जन्मात विसरत नाही. बागा कराराने घेणारे काही जण एका हंगामात पैसे वसूल करायचे म्हणून अंदाजाने दुप्पट औषध ओततात, आणि पुढे झाडाच्या पालव्या आखूड होतात, मोहोर गुच्छासारखा आखडतो, कलम खंगते. ज्याने ते मोजमाप डोळ्यांनी पाहिले आहे तो मालक करारदाराला निदान अडवू तरी शकतो. माझे चुलत सासरे, ज्यांना सगळी वाडी अण्णा म्हणते, त्यांनी आमच्या कलमांच्या बाबतीत हेच केले, आणि अडवताना "विद्यापीठान सांगितल्यान तसां घाल" एवढेच म्हणाले. तो अधिकार त्यांना त्या पाहण्यातून आला होता.

कोय कलमाचेही तसेच. पंधरा-वीस दिवसांचे कोवळे रोप, त्याच्या शेंड्यावर मधोमध घेतलेला छेद, पाचरीसारखी तासलेली काडी आणि वरून घट्ट गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी: हाताचा वेग, चाकूचा कोन, पट्टी किती ताणायची हे शब्दांत सांगण्यासारखे नाही. ते पाहावेच लागते.

आता दुसरी बाजू. फवारणीचा भाग लागला की अण्णा टीव्हीशेजारी दोऱ्याने बांधलेले बॉलपेन काढायचे आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कडेला लिहून घ्यायचे. पडद्याच्या तळाशी अक्षरे येत: इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के, 10 लिटर पाण्यात 3 मिली. त्यांचे ‘इमिडा’पर्यंत लिहून होई आणि पट्टी पुढे सरके. मग घरात विचारणा, किती म्हणाला? तीन की तेरा? दहा लिटरला की शंभर लिटरला? हा प्रश्न पोरखेळ नव्हता. पाठीवरच्या पंपाने फवारणारा माणूस दहा लिटरने हिशोब करतो, पण पन्नास-साठ वर्षांचे उंच हापूस असलेल्या बागेत इंजिनाचा पंप आणि 200 लिटरचे पिंप असते, नळी घेतलेला गडी वर झाडावर चढलेला असतो आणि खाली बाई पिंपात काठीने औषध ढवळत असते. तिथे 3 मिलीचे 60 मिली कोणी करायचे, आणि ते ऐन वेळी कशाने मोजायचे, हे पडद्यावरचा माणूस सांगत नाही. सांगायला काही लागत नाही. पण कार्यक्रम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आमचे पिंप नसते.

माप हा मुद्दा मी मुद्दाम लांबवते आहे, कारण आमच्याकडच्या शेतकऱ्याचा कार्यक्रमाशी असलेला दुरावा बहुतेक वेळा मापातूनच सुरू होतो. निवेदक विचारतो, एकरी उत्पन्न किती? कोकणात बागायतदाराला कोणी असे विचारत नाही. कलमे किती, असे विचारतात. जमीन गुंठ्यांत, तीही तुकड्यातुकड्यांत, एक भाताचा कुणगा खाली व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याच्या काठी, आणि दुसरा डोंगराच्या कुशीत. बाजारभाव क्विंटलने येतात, आणि आमचा आंबा पेटीने जातो, वाशीला दलालाकडे जातो, आणि खरा भाव काय मिळाला ते हमाली, तोलाई, भाडे, अडत कापून दलालाची हिशोबपट्टी हातात आली की कळते. ठिबक सिंचनाचा भाग लागला की वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस झेलणारी माणसे ते लक्षपूर्वक पाहतात, कारण मार्च उजाडेपर्यंत त्यांच्या विहिरींचा तळ दिसू लागलेला असतो. पण पडद्यावरचे शेत सपाट, काळ्या मातीचे, आणि इथे जांभ्याच्या कातळात सुरुंग लावून खड्डा काढावा लागतो. अशाच एका भागानंतर अण्णा म्हणाले होते, "सांगता तां खरां आसा, पण त्याका आमचो सडो खंय ठावक आसा?" त्या बोलण्यात राग नव्हता. सांगणारा शहाणा आहे, हे त्यांनी आधीच मान्य करून टाकले होते.

ऊस, कापूस, सोयाबीन, कांदा, द्राक्ष, डाळिंब: राज्याच्या शेतीचा मोठा भाग हाच आहे आणि कार्यक्रमांत त्याला मोठी जागा मिळणे न्याय्यच आहे. पण वर्षानुवर्षे दुसऱ्याचीच पिके पाहणाऱ्या माणसाला हळूहळू असे वाटू लागते की हा कार्यक्रम आपल्यासाठी नाही. कोकणाची आठवण होते ती एप्रिल-मे महिन्यांत, आंब्याच्या पेटीवर फुले ठेवून काढलेल्या चित्रीकरणापुरती. नाचणी-वरी, उन्हाळी कुळीथ, पोफळीच्या आगरातली मिरवेल आणि जायफळ, आमसुलाचे वाळवण, वायंगण म्हणजे उन्हाळी भात, वरकस म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीचे काय करायचे हा प्रश्न, यांवर एखादा भाग लागला तर वाडीत दुसऱ्या दिवशी त्याचीच चर्चा असते. आणि माकडे? गेली कित्येक वर्षे आमच्याकडच्या शेतकऱ्याचा पहिला प्रश्न वानर, माकडे आणि रानडुकरे हाच आहे. नारळ लागत नाहीत, कोवळे काजू राहत नाहीत, परसातला भोपळासुद्धा हाती येत नाही. हा प्रश्न सोडून बाकीचे सगळे सांगणाऱ्या माणसाचा सल्ला, तो कितीही बरोबर असला तरी, ऐकणाऱ्याला अर्धाच वाटतो.

आणखी एक गोष्ट पडद्यावर कधी दिसत नाही, ती म्हणजे सातबारा. आमच्याकडच्या सातबारावर बारा-पंधरा नावे असतात आणि त्यांतली दोन-तीनच माणसे गावात राहतात. बाकीची मुंबईत, ठाण्यात, काही हयात नाहीत आणि त्यांची मुले कुठे आहेत ते कोणाला माहीत नाही. अनुदानाच्या अर्जाला सहहिस्सेदारांची संमती लागते. कार्यक्रमात निवेदक आनंदाने सांगतो की या योजनेचा सर्वांनी लाभ घ्यावा, आणि ऐकणारा मनात हिशोब करतो की विरारच्या चुलतभावाची सही गणपतीला मिळेल, पण अंधेरीच्या आतेचे काय? तरीही योजनांच्या बाबतीत दूरचित्रवाणीने केलेले काम मी मोठे मानते. 1990 साली राज्याने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली आणि कोकणातल्या पडीक वरकस जमिनींवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. अशी काही सोय आहे, तीत आपल्यासारखा माणूस बसतो, ही पहिली खबर पुष्कळांना रेडिओ-टीव्हीनेच दिली. खबर देणे आणि ती तडीला नेणे यांतले अंतर मग कृषी सहायकाने आणि तलाठ्याने भरायचे असते. ते भरले गेले तिथे बागा दिसतात.

कोणत्या माहितीवर शेतकरी पडद्यावरूनच विश्वास ठेवतो, हेही पाहण्यासारखे आहे. हवामानावर ठेवतो. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळ आले तेव्हा समुद्रावर गेलेल्या माणसांपर्यंत इशारा पोहोचणे कठीण होते आणि किनाऱ्याने त्याची किंमत मोजली. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळाने रायगडचा किनारा आणि दापोली-मंडणगडकडच्या बागा झोपवल्या, आणि मे 2021 मध्ये तौक्ते आले तेव्हा आमच्या गावातली माणसे टीव्हीवरचा नकाशा पाहून रात्री बॅटऱ्या घेऊन बागेत गेली आणि उतरवता येईल तेवढा आंबा उतरवला. त्या वेळी दुकानदाराला कोणी विचारले नाही. कारण सरळ आहे: हवामानाचा अंदाज खरा की खोटा हे एक-दोन दिवसांत आभाळच सांगते, आणि अनेक वेळा पारखून झालेल्या गोष्टीवर माणूस विश्वास टाकतो. फवारणीच्या सल्ल्याचा निकाल दोन-तीन महिन्यांनी लागतो, आणि तेव्हाही मोहोर गळाला तो औषधाने, थंडी गेल्याने की अवेळी पावसाने, हे ठरवता येत नाही.

त्यातून अलीकडे हंगामच वेळापत्रकाला जुमानेनासा झाला आहे. पाऊस दिवाळीनंतरही रेंगाळतो, ऑक्टोबरात यायची पालवी डिसेंबरात येते, एका मोहोरावर कणी, म्हणजे बारीक फळे, धरलेली असताना थंडीने पुनर्मोहोर येतो आणि आधीची फळे गळतात, फुलकिड्यांचा त्रास वाढतो. पहिली फवारणी पालवीवर, दुसरी मोहोराचे बोंगे फुटताना, मग पंधरा पंधरा दिवसांनी पुढच्या, आणि पूर्ण फुललेल्या मोहोरावर शक्यतो औषध नको म्हणजे मधमाश्या मरत नाहीत, हे वेळापत्रक चुकीचे नाही. पण एकाच कलमाच्या समुद्राकडच्या अंगाला मोहोर आणि मागच्या अंगाला कोवळी पालवी असेल, तर आज कोणती फवारणी? हा प्रश्न आमच्याकडे दर हंगामात प्रत्येक बागेत उभा राहतो, आणि आधी चित्रित केलेल्या कार्यक्रमाला तो विचारता येत नाही. दुकानदाराला विचारता येतो. त्याचे उत्तर बरोबर असेलच असे नाही, त्यात त्याचा माल खपवण्याचा भाग असतो हे शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. तरी तो उत्तर देतो, उधारीवर बाटली देतो, आणि पुढच्या आठवड्यात "पडलो काय तुडतुडो?" असे स्वतःहून विचारतो.

शास्त्रज्ञ घटकाचे नाव सांगतात आणि दुकानात बाटलीवर कंपनीचे नाव ठळक असते, ही या वाटेवरची मोठी खाच आहे. दिनदर्शिकेवरचा ‘इमिडा’ घेऊन गेलेल्या माणसासमोर चार रंगांच्या चार बाटल्या येतात, घटकाचे नाव बारीक अक्षरांत, बहुधा इंग्रजीत. निवड मग दुकानदारच करतो. खासगी वाहिन्यांवरच्या काही प्रायोजित कार्यक्रमांत बाटलीच थेट दाखवतात, तेव्हा ही खाच बुजल्यासारखी वाटते. पण गावातल्या माणसांना सल्ला कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते हे चांगले कळते. सरकारी वाहिनीवरचा कार्यक्रम संथ असतो, रंगीबेरंगी नसतो, पण त्यात कोणी काही विकत नाही, असे म्हणून त्याला झुकते माप देणारी माणसे आमच्याकडे अजून आहेत. 26 मे 2015 रोजी डीडी किसान ही स्वतंत्र वाहिनी आली तेव्हा अशाच लोकांना बरे वाटले होते, जरी तिची हिंदी आणि तिच्यातली गहू-मोहरी यांच्याशी आमचे नाते लांबचेच होते.

बायकांचे पाहणे निराळे असते, ते मी सांगितले पाहिजे. कोकणातला पुरुष मुंबईला गेला आणि शेती बाईच्या अंगावर आली, ही गोष्ट आता जुनी झाली. भाताचा तरवा काढणे, लावणी, काजूच्या बिया वेचणे, कोंबड्या, आगरातले शिंपणे, आमसुले आणि पापड, सगळे तिच्या हातून होते. शेतीचा कार्यक्रम संध्याकाळी लागे तेव्हा ती चुलीपाशी असे. तिने तो कार्यक्रम ऐकला, पाहिला नाही. भाकरी थापता थापता कानावर आलेल्या माहितीत जिथे आवाजाने काम भागे तेवढे तिच्यापर्यंत पोहोचले, आणि कृती दाखवण्याचे जे टीव्हीचे बळ मी वर सांगितले ते बरोबर तिच्याच वाट्याला आले नाही. आज तीच बाई दुपारी काजू सोलताना मोबाइलवर कोंबड्यांच्या लसीचा व्हिडिओ लावते, थांबवते, मागे नेते, पुन्हा पाहते. तिला वेळ निवडता येऊ लागली, हे मला मोबाइलने केलेले सर्वांत मोठे काम वाटते. पण तिथे लाखोंच्या उत्पन्नाच्या गोष्टी सांगणाऱ्यांची गर्दी आहे, आणि कोणी पारखून घेतलेले काय व न घेतलेले काय हे ओळखायला खूण नाही. अशा वेळी विद्यापीठाचे नाव पाहून व्हिडिओ उघडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ती पारख त्यांच्यात जुन्या कार्यक्रमांनी घडवली, असे मला वाटते.

प्रश्न परत जाण्याची सोय असेल तर दुरून आलेल्या सल्ल्यावरही लोक कामाला लागतात, हे आपल्याच राज्यात फार पूर्वी दिसून आलेले आहे. 1956 साली पुणे केंद्रावरून आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतल्या 150 गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालवली होती. माणसे ठरल्या दिवशी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, आपल्या शंका केंद्राला लिहून पाठवीत आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे मिळत. 1975-76 साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या 2400 गावांना शेतीचे कार्यक्रम दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला, त्यात महाराष्ट्र नव्हता. पण त्याच काळात गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज येथे एक छोटे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले आणि तिथले कार्यक्रम त्याच जिल्ह्यातल्या माणसांना घेऊन, त्यांच्या बोलीत होऊ लागले. एका जिल्ह्याचा टीव्ही! सिंधुदुर्ग-रत्नागिरीला असे काही मिळाले असते तर, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

फोनवरून प्रश्न घेणारे थेट कार्यक्रम पुढे सुरू झाले, 21 जानेवारी 2004 पासून किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा फुकट क्रमांकही आला. थेट कार्यक्रमात राजापूरचा किंवा कुडाळचा माणूस फोनवर लागला की आमच्या ओटीवरचे बोलणे बंद होई. उत्तर देणाऱ्या तज्ज्ञापेक्षा तो काय विचारतो इकडे सगळ्यांचे कान असत, कारण त्याचा प्रश्न आमचाच असे.

शेवटी एका भागाबद्दल लिहिते, कारण माझे सगळे म्हणणे त्यात आहे. जुन्या, उंच वाढलेल्या, आत ऊन न शिरणाऱ्या आंब्यांचे पुनरुज्जीवन कसे करावे, हे त्यात दाखवले होते. आजोबांनी लावलेल्या कलमाच्या मधल्या फांद्या करवतीने उतरवल्या जात होत्या, कापलेल्या जागी मोरचूद-चुन्याची बोर्डोपेस्ट लावली जात होती, खोडकिड्याकडे लक्ष ठेवा असे शास्त्रज्ञ बजावत होते, आणि दोन-तीन वर्षे उत्पन्न बुडेल हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. कार्यक्रम उत्तम होता. तो पाहून वाडीत कोणी करवत उचलली नाही. शेजारच्या काकी म्हणाल्या, "झाड तोडल्यानी तां दाखवल्यानी, फुडे त्याचां काय झालां तां खंय दाखवल्यानी?" पुढे आमच्या पलीकडच्या वाडीतल्या एका बागायतदाराने विद्यापीठाच्या माणसांना बोलावून आपली काही कलमे छाटून घेतली. पहिल्या पावसानंतर लोक तिकडून जाताना मुद्दाम थांबून पाहत. कापलेल्या फांद्यांवर तांबूस पालवी भरभरून आली, मग तिची विरळणी झाली, आणि माणसे मालकाला विचारू लागली: किती खर्च आला, कोणाला बोलावलेत, कोणत्या महिन्यात कापलेत, खोडाला काय लावलेत. आज आमच्या पंचक्रोशीत छाटलेली कलमे पुष्कळ बागांत आहेत, आणि छाटणी हा शब्द प्रत्येकाने पहिल्यांदा ऐकला तो त्या कार्यक्रमातच.

म्हणून शेतीचे कार्यक्रम करणाऱ्यांना माझे सांगणे आहे की एकदा दाखवलेल्या बागेत पुन्हा या. ज्या झाडाला जुलैत औषध घातलेत ते जानेवारीत दाखवा, जे कापलेत ते दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी दाखवा, जिथे सल्ला फसला तेही झाकू नका, आणि मालकाला निवेदकाऐवजी शेजाऱ्याने प्रश्न विचारू द्या. पुढच्या हंगामात कोणी इकडे येणार असेल तर पलीकडच्या वाडीतल्या त्या कलमांना आता चांगले फळ लागते आहे. मालक ती आनंदाने दाखवतील, आणि खोडकिड्याने गेली तीही कुठे होती ते दाखवतील.